जुना डेटाबेस सर्व्हर अपग्रेड करायचा का? पहिल्यांदाच ठरवणाऱ्यांसाठी

हा प्रश्न ऑफिसात बहुतेक वेळा दोन वाटांनी येतो. एक तर ऑडिटच्या अहवालात 'सपोर्ट संपलेली प्रणाली वापरात' असा शेरा पडतो, नाहीतर नवा प्रोग्रॅम बसवायला आलेला माणूस "या व्हर्जनवर आमचं चालणार नाही" म्हणून मोकळा होतो. मग विषय तुमच्या टेबलावर येऊन पडतो आणि वरून विचारणा होते: करायचा की नाही, एवढंच सांगा.

एवढंच सांगता येत नाही, कारण 'हो' आणि 'नाही' यांच्या मध्ये तीन-चार वेगळी उत्तरं असतात आणि बऱ्याचदा त्यातलंच एखादं बरोबर ठरतं. तुम्ही सर्व्हर सांभाळता पण डेटाबेस हा तुमचा मूळ विषय नाही, असं धरून मी लिहितोय. उदाहरणं एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि थोडी ओरॅकलची आहेत. क्रम मात्र कुठल्याही डेटाबेसला लागू पडेल.

आधीच सांगून ठेवतो: नवं व्हर्जन बसवणं हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. घोडं अडतं ते दोन ठिकाणी. सर्व्हरवर अवलंबून असलेल्या प्रोग्रॅमांपाशी आणि काही बिघडलं तर परत फिरायच्या वाटेपाशी. चौथी आणि पाचवी पायरी म्हणूनच लांबली आहे.

सुरू करण्याआधी हे गोळा करा

- डेटाबेसची लायसन्सची कागदपत्रं आणि खरेदीचं बिल
- प्रोग्रॅम पुरवणाऱ्याशी झालेला देखभालीचा करार, त्याची मुदत
- ॲडमिन लॉगिनचा पासवर्ड (हसू नका, कित्येक ठिकाणी हाच सापडत नाही)
- बॅकअप कुठे जातो, कधी होतो, शेवटचा कधी परत उघडून पाहिला याची नोंद
- प्रयोगासाठी एक वेगळं मशीन किंवा व्हर्च्युअल मशीन, ज्यात मूळ डेटाबेसच्या दुप्पट तरी जागा मोकळी असेल
- डेटाबेस वापरणाऱ्या प्रत्येक विभागातला एक माणूस, ज्याला महिनाअखेरची कामं तोंडपाठ आहेत

शेवटचा मुद्दा लोक सोडून देतात आणि नंतर पस्तावतात.

## १. नेमकं काय चालू आहे ते लिहून काढा

'आमच्याकडे एसक्यूएल २०१२ आहे' हे ऐकीव उत्तर ग्राह्य धरू नका. सर्व्हरलाच विचारा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'सिलेक्ट @@व्हर्जन', मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये 'सिलेक्ट व्हर्जन()' चालवलं की खरं उत्तर मिळतं. नवख्यांची इथे हमखास फसगत होते: मॅनेजमेंट स्टुडिओसारख्या साधनाचं व्हर्जन वेगळं आणि सर्व्हरचं वेगळं. पडद्यावर दिसणारा आकडा आपण ज्या खिडकीतून बघतोय तिचा असू शकतो.

व्हर्जनसोबत एडिशनही (त्याच व्हर्जनचा फुकट किंवा विकतचा प्रकार) लिहा. एसक्यूएल सर्व्हरची फुकट मिळणारी एक्सप्रेस एडिशन असेल, तर २००८ आर२ पासून २०२२ पर्यंत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. डेटा ९ जीबीच्या पुढे गेला असेल तर तुमचा प्रश्न व्हर्जनचा नाही, जागेचा आहे, आणि तो कुठल्याही ऑडिटची वाट बघणार नाही. मर्यादा गाठली की नवी नोंद व्हायचीच थांबते.

पोस्टग्रेसमध्ये आकडे वाचायची पद्धत बदललेली आहे. १० व्या आवृत्तीपासून पहिला आकडा बदलला की मोठं अपग्रेड. त्याआधी ९.५ ते ९.६ हेसुद्धा मोठंच होतं. १५.३ वरून १५.९ वर जाणं मात्र किरकोळ काम असतं: नवे प्रोग्रॅम बसवा, सेवा पुन्हा सुरू करा. ते टाळत बसायला सहसा कारण नसतं.

याशिवाय टिपायचं: पॅच कुठपर्यंत लागलेत, ऑपरेटिंग सिस्टिम कुठली, डेटाबेसांचे आकार, कोलेशन (मजकूर जुळवायचे आणि क्रम लावायचे नियम), आणि एकाच मशीनवर दुसरा इन्स्टन्स (डेटाबेस सर्व्हरची वेगळी चालू प्रत) तर चालू नाही ना.

मग सगळ्यात महत्त्वाची यादी: या सर्व्हरला कोण कोण जोडलं जातं? एसक्यूएल सर्व्हरमध्ये चालू सेशनचा व्ह्यू, पोस्टग्रेसमध्ये 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी', मायएसक्यूएलमध्ये 'शो प्रोसेसलिस्ट'. यातून कुठल्या मशीनवरून आणि कुठल्या लॉगिनने जोडणी आली ते कळतं, पहिल्या दोघांत बहुधा प्रोग्रॅमचं नावही. हे एकदा बघून भागत नाही. दर काही मिनिटांनी ही माहिती एका तक्त्यात साठवत राहा आणि निदान एक पूर्ण महिना, महिनाअखेरीसकट, जाऊ द्या. हिशेब विभागातल्या कुणीतरी कधीकाळी बनवलेली एक्सेल शीट ओडीबीसीवरून (प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडायची एक ठरलेली सोय) थेट डेटाबेस वाचत असते, आणि ती फक्त महिन्याच्या शेवटच्या दिवशी उघडते. हजेरीचं यंत्र, रात्री मेल पाठवणारा रिपोर्ट, वजनकाट्याचा छोटा प्रोग्रॅम हे सगळे असेच बाहेर येतात.

## २. सपोर्टची तारीख बघा, पण तिला घाबरून निर्णय घेऊ नका

काही तारखा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एसक्यूएल सर्व्हर २००८ आणि २००८ आर२ चा सपोर्ट ९ जुलै २०१९ ला संपला, २०१२ चा १२ जुलै २०२२ ला, २०१४ चा ९ जुलै २०२४ ला. २०१६ ची मुदत १४ जुलै २०२६, २०१७ ची १२ ऑक्टोबर २०२७, २०१९ ची ८ जानेवारी २०३०. मायएसक्यूएल ५.७ ऑक्टोबर २०२३ मध्ये संपलं आणि ८.० ची मुदत एप्रिल २०२६ ची. पोस्टग्रेसचा नियम सोपा आहे: प्रत्येक मोठ्या आवृत्तीला साधारण पाच वर्षं. १२ वी आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. ओरॅकलमध्ये १९सी ही लांब पल्ल्याची आवृत्ती आहे, म्हणून बरीच ठिकाणं तिथेच थांबलेली दिसतात.

तारीख उलटली म्हणून सर्व्हर बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशीही तो तसाच चालतो. फक्त नवी त्रुटी सापडली तर तिचा पॅच मिळणार नाही, आणि अडचण आल्यावर कंपनी दाद देणार नाही. काही उत्पादनांना पैसे भरून वाढीव सुरक्षा पॅच मिळतात. मायक्रोसॉफ्टकडे ते जास्तीत जास्त तीन वर्षं.

पॅच मिळणं आणि तो लावणं यातही अंतर आहे. २५ जानेवारी २००३ ला 'स्लॅमर' नावाचा वर्म एसक्यूएल सर्व्हर २००० मधल्या एका त्रुटीतून जगभर पसरला. त्या त्रुटीचा पॅच जुलै २००२ पासूनच उपलब्ध होता. ज्यांचा सर्व्हर तेव्हा पूर्ण सपोर्टमध्ये होता तेही सापडले, कारण पॅच लावलेलाच नव्हता आणि सर्व्हरचं पोर्ट इंटरनेटला उघडं होतं. त्यामुळे तुमचा सर्व्हर सपोर्टमध्ये असून वर्षानुवर्षं पॅचविना पडला असेल, तर अपग्रेडच्या चर्चेआधी ते काम उरका.

खालची ऑपरेटिंग सिस्टिम तपासायला विसरू नका. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला. एसक्यूएल सर्व्हर २०२२ ला विंडोज सर्व्हर २०१६ किंवा त्यापुढचं लागतं. म्हणजे पुष्कळदा फक्त डेटाबेस बदलायचा म्हणून निघालेलं काम अख्ख्या मशीनवर जाऊन पोचतं.

## ३. दुखणं काय आहे ते आधी ठरवा

"सर्व्हर स्लो आहे" हे अपग्रेडचं सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत लंगडं कारण. जुनं व्हर्जन आदल्या वर्षी जेवढं वेगात चालत होतं तेवढंच आजही चालतं. बदललेलं असतं ते डेटाचं आकारमान, डिस्कचं वय आणि वापरणाऱ्यांची संख्या.

तेव्हा खर्चाचा विषय काढण्याआधी हे बघा. मायएसक्यूएलमध्ये 'इनोडीबी बफर पूल'ची (डेटा मेमरीत धरून ठेवायची जागा) मूळ सेटिंग १२८ एमबी असते. मशीनमध्ये ३२ जीबी मेमरी घालूनही तो आकडा कुणी बदललेला नसतो. पोस्टग्रेसच्या 'शेअर्ड बफर्स'चंही तसंच, मूळ आकडा १२८ एमबी. एसक्यूएल सर्व्हरमध्ये उलटा प्रकार: कमाल मेमरीची मर्यादा घातलेलीच नसते, मग तो मेमरी खात सुटतो आणि त्याच मशीनवरच्या इतर प्रोग्रॅमांची उपासमार होते. एक्सप्रेस एडिशनमध्ये मात्र बफरसाठी सुमारे १.४ जीबीच्या पुढे मेमरी वापरलीच जात नाही, कितीही बसवा.

मग स्टॅटिस्टिक्स (टेबलात कसा आणि किती डेटा आहे याची डेटाबेसने ठेवलेली मोजदाद) अद्ययावत होतात का, सर्वांत जड पाच-दहा क्वेरी (डेटाबेसला केलेल्या विचारणा) कोणत्या आणि त्यांना इंडेक्स (नोंद पटकन शोधायची सूची) आहे का, डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची आहे का, हे तपासा. माझं मत स्पष्ट आहे: नुसत्या वेगासाठी आलेल्या मागणीवर आधी एसएसडी आणि दोन-चार इंडेक्स सुचवावेत. त्यातून बरीच प्रकरणं मिटतात आणि उरलेल्यांसाठी तुमच्याकडे आकडे तयार असतात.

दुखणं सुरक्षेचं असेल, नवा प्रोग्रॅम बसत नसेल, एडिशनची मर्यादा भरली असेल किंवा मशीनचे सुटे भाग मिळेनासे झाले असतील, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत.

## ४. प्रोग्रॅम काय म्हणतो ते लेखी घ्या

इथे बहुतेक निर्णय खऱ्या अर्थाने होतात. डेटाबेस बनवणारी कंपनी "नव्या व्हर्जनवर सगळं चालतं" म्हणेल. तुमचा हिशेबाचा किंवा मालसाठ्याचा प्रोग्रॅम पुरवणारा काय म्हणतो ते महत्त्वाचं. त्याला फोन करू नका, मेल करा. विचारायचं एवढंच:

- आमच्याकडे तुमच्या प्रोग्रॅमची अमुक आवृत्ती आहे. ती डेटाबेसच्या कुठल्या कुठल्या व्हर्जनवर तुम्ही तपासलेली आहे?
- पुढच्या व्हर्जनवर गेल्यास आमचा देखभालीचा करार चालू राहील का?
- प्रोग्रॅमही अपग्रेड करावा लागेल का, आणि त्याचे पैसे वेगळे का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा 'हो' येतं आणि अंदाजपत्रक तिथेच बदलतं. 'चालायला हरकत नाही' असं गुळमुळीत उत्तर आलं तर ते 'तपासलेलं नाही' असं वाचा.

पुरवणारा धंद्यातूनच गेला असेल तर? मग तपासणी तुमच्यावर आली. घाबरायचं कारण नाही, पण कुठे ठेच लागते ते माहीत हवं.

एसक्यूएल सर्व्हर. जुन्या पद्धतीची '*=' अशी आउटर जॉइन किंवा जुन्या ढंगाचं 'रेझएरर' लिहिलेली प्रोसिजर (सर्व्हरवर साठवलेला छोटा प्रोग्रॅम) असेल तर ती पुढच्या व्हर्जनांत मोडते. सर्व्हरमध्येच कालबाह्य सुविधांचे काउंटर असतात. कुठली जुनी सुविधा किती वेळा वापरली गेली ते सर्व्हर सुरू झाल्यापासून मोजलं जातं. तो तक्ता काढा, अर्धी तपासणी फुकटात होते. दुसरी गोष्ट म्हणजे २०१४ मध्ये क्वेरीचा अंदाज बांधणारी यंत्रणा बदलली. बहुतेक क्वेरी सुधारतात, पण एखादा रिपोर्ट अचानक पाच सेकंदांवरून पाच मिनिटांवर जातो. म्हणून कंपॅटिबिलिटी लेव्हल (क्वेरी कुठल्या व्हर्जनसारख्या वागतील ते ठरवणारी सेटिंग) लगेच वाढवायची नाही. आधी जुन्याच लेव्हलवर नवा सर्व्हर चालवा, क्वेरी स्टोअर (प्रत्येक क्वेरी कुठल्या प्लॅनने, म्हणजे कुठल्या मार्गाने चालली आणि किती वेळ लागला ते टिपणारी सोय) चालू करून काही आठवडे नोंद होऊ द्या, मग वाढवा. बिघडलेल्या क्वेरीला तिचा जुना प्लॅन तिथून लावून देता येतो.

मायएसक्यूएल. ५.७ वरून ८.० वर जाताना 'रँक' आणि 'ग्रुप्स' हे राखीव शब्द झाले. या नावाचा कॉलम किंवा टेबल असेल तर क्वेरी त्रुटी देते. लॉगिनची मूळ पद्धत बदलल्यामुळे नव्याने बनवलेल्या युजरशी जुने कनेक्टर (प्रोग्रॅमला सर्व्हरशी जोडणारे भाग) जोडले जात नाहीत, आणि ८.४ मध्ये जुनी पद्धत मुळातच बंद ठेवलेली असते. क्वेरी कॅश (आधीच्या निकालांचा साठा) काढून टाकलेला आहे. एक गोष्ट फार चकवते: पूर्वी 'ग्रुप बाय' केलं की निकाल आपोआप क्रमाने यायचा, ८.० मध्ये येत नाही. रिपोर्टमध्ये आकडे बरोबर, क्रम मात्र उलटसुलट. त्रुटीचा संदेश काही येतच नाही, म्हणून वापरणाऱ्याच्या तक्रारीवरूनच हे कळतं. ५.७ वरून थेट ८.४ वर उडीही मारता येत नाही, मध्ये ८.० चा थांबा घ्यावा लागतो. मायएसक्यूएल शेलमध्ये अपग्रेडपूर्व तपासणीची सोय आहे, तिचा अहवाल आधी काढा.

पोस्टग्रेस. १४ पासून पासवर्ड साठवायची मूळ पद्धत 'स्क्रॅम' झाली. जुने पासवर्ड तसेच चालतात, पण कुणी पासवर्ड बदलला की जुन्या ड्रायव्हरचा (सर्व्हरशी जोडणी करून देणारा भाग) प्रोग्रॅम आत शिरत नाही, आणि हे अपग्रेडनंतर चार महिन्यांनीही घडू शकतं. १५ मध्ये 'पब्लिक' स्कीमात (टेबलं ठेवायचा मूळ कप्पा) कुणालाही टेबल बनवायची जी मुभा होती ती नव्या डेटाबेसांत काढली. लिनक्स बदलत असाल तर आणखी एक छुपा धोका आहे: ग्लिबसीच्या (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ आवृत्तीत अक्षरांचा क्रम लावायचे नियम बदलले. डेटाच्या फायली जशाच्या तशा नव्या लिनक्सवर नेल्या तर मजकुराच्या कॉलमवरचे इंडेक्स चुकीचे ठरतात. असलेली नोंद सापडत नाही, युनिक इंडेक्स असूनही दुबार नोंदी शिरतात. अशा वेळी इंडेक्स नव्याने बांधणं किंवा डंप काढून (डेटा फाइलमध्ये निर्यात करून) पुन्हा भरणं, दोनच उपाय.

ड्रायव्हर. सर्व्हरइतकंच लक्ष याच्याकडे द्या. एसक्यूएल सर्व्हरचा ओडीबीसी ड्रायव्हर १८ मूळ सेटिंगमध्येच एन्क्रिप्शन मागतो. सर्व्हरवर विश्वासार्ह सर्टिफिकेट नसेल तर जोडणी नाकारतो. लोक सर्व्हरला दोष देत बसतात आणि बदललेला असतो फक्त ड्रायव्हर. उलट बाजूने, नव्या मशीनवर टीएलएसच्या (जोडणी एन्क्रिप्ट करायची पद्धत) जुन्या आवृत्त्या बंद असल्या तर पंधरा वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम तिथे पोचतच नाही.

## ५. परतीची वाट आधी शोधा

डेटाबेसचं अपग्रेड एकेरी असतं. एसक्यूएल सर्व्हर २०२२ वर घेतलेला बॅकअप २०१४ वर रिस्टोअर होत नाही. कंपॅटिबिलिटी लेव्हल जुनीच ठेवली म्हणून डेटाबेस मागे नेता येईल, हा गैरसमज फार पसरलेला आहे. लेव्हल फक्त क्वेरी कशा वागतात ते ठरवते, फाइल नव्याच स्वरूपाची झालेली असते. मायएसक्यूएल ८.० वरून ५.७ वर परत येता येत नाही. ओरॅकलमध्ये 'कंपॅटिबल' हा पॅरामीटर एकदा वाढवला की खाली उतरत नाही. पोस्टग्रेसचं 'पीजी_अपग्रेड' लिंक पद्धतीने (फायलींची प्रत न काढता त्याच फायली वापरून) केलं आणि नवा सर्व्हर एकदा सुरू केला, की जुन्या फायलींवर जुना सर्व्हर चालवणं धोक्याचं. वेळ वाचतो म्हणून लिंक पद्धत मोहात पाडते. वेगळा, तपासलेला बॅकअप हातात असेल तरच तिच्या वाटेला जा.

म्हणजे परतीची वाट एकच: जुना सर्व्हर जसाच्या तसा शाबूत ठेवणं. माझ्या दृष्टीने जागच्या जागी अपग्रेड करणं हा छोट्या ऑफिससाठी जवळजवळ नेहमीच चुकीचा पर्याय आहे. वेगळ्या मशीनवर नवं व्हर्जन बसवायचं, डेटा तिकडे न्यायचा, प्रोग्रॅम तिकडे वळवायचे आणि जुनं मशीन बाजूला ठेवायचं. जागा आणि मशीन जास्त लागतं, झोप मात्र लागते.

आता खरा पेच. समजा रविवारी रात्री बदल केला. सोमवार, मंगळवार लोकांनी नव्या सर्व्हरवर बिलं केली. बुधवारी मोठा दोष सापडला. जुना सर्व्हर शाबूत आहे, पण त्यात रविवारपर्यंतचाच डेटा. परत गेलात तर दोन दिवसांची बिलं पुन्हा हाताने भरायची. हे कुणालाच आवडत नाही, म्हणून परतायची वाट कागदावर असली तरी प्रत्यक्षात काही तासांत बंद होते. तेव्हा आधीच लिहून ठेवा: सोमवारी दुपारी अमुक वाजेपर्यंत ही ही कामं नीट झाली नाहीत तर परत जायचं, आणि ते ठरवणार कोण. ती वेळ टळली की परतणं नाही, पुढे दुरुस्तीच. ही रेषा आखलेली नसली की बुधवारी सगळे एकमेकांची तोंडं बघतात.

बॅकअपबद्दल एकच अट: तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून, उघडून, कालची शेवटची नोंद त्यात आहे का ते बघितलेलं असलं पाहिजे. 'बॅकअप यशस्वी' असा हिरवा टिक म्हणजे पुरावा नव्हे. एसक्यूएल सर्व्हर असेल तर बॅकअपआधी 'डीबीसीसी चेकडीबी' (डेटाबेस आतून शाबूत आहे का ते तपासणारी आज्ञा) चालवा. आतून बिघडलेला डेटाबेस नव्या व्हर्जनवर नेला तर बिघाडही सोबत जातो.

## ६. तालीम करा, आणि तालमीचं मशीन बंदिस्त ठेवा

प्रयोगाच्या मशीनवर नवं व्हर्जन बसवा. एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर एडिशन यासाठी फुकट मिळते. तीच पुढे रोजच्या कामाला लावायची मात्र लायसन्समध्ये परवानगी नाही. डेटा रिस्टोअर करा आणि घड्याळ लावा. रिस्टोअरला लागलेला वेळ हाच तुमच्या डाउनटाइमचा खरा अंदाज, बाकी सगळे तर्क.

पहिल्यांदा रिस्टोअर करणाऱ्याला धक्का बसतो तो याचा: डेटाबेसच्या बॅकअपमध्ये सगळं येत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॉगिन, ठरावीक वेळी चालणारे जॉब, लिंक्ड सर्व्हर, मेलच्या सेटिंग हे 'मास्टर' आणि 'एमएसडीबी' या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसांत असतं. ते वेगळं न्यावं लागतं, नाहीतर युजर आहे पण त्याचं लॉगिन नाही अशी पोरकी अवस्था होते. पोस्टग्रेसमध्ये एका डेटाबेसचा डंप काढला तर रोल (युजर आणि त्यांचे गट) त्यात नसतात, ते 'पीजी_डंपऑल'ने वेगळे काढायचे. 'पीजी_अपग्रेड' केल्यावर १८ च्या आधीच्या आवृत्त्यांत स्टॅटिस्टिक्स सोबत येत नाहीत. ॲनालाइझ (स्टॅटिस्टिक्स नव्याने मोजणारी आज्ञा) न चालवता सर्व्हर खुला केलात तर पहिल्या तासात सगळे म्हणतील, नवा तर जुन्याहून स्लो आहे.

जॉब नेलेत तर लगेच बंद करा. तालमीच्या मशीनवरचा रात्रीचा जॉब खऱ्या ग्राहकांना खऱ्या थकबाकीचे मेल पाठवू शकतो. त्या बिचाऱ्या मशीनला आपण प्रयोगातले आहोत हे कुठे ठाऊक असतं. बाहेर जाणारं नेटवर्क तोडलेलंच बरं.

मग यादीतल्या त्या विभागातल्या माणसांना बोलवा. त्यांच्याकडून एका पूर्ण झालेल्या महिन्याचा शेवट या मशीनवर पुन्हा करवून घ्या. जुने छापील रिपोर्ट शेजारी ठेवून बेरजा जुळवा, क्रमही बघा.

## ७. खर्च मांडा

लायसन्सचा आकडा मी देत नाही, तो करार आणि देशानुसार बदलतो. मोजायची पद्धत मात्र लक्षात ठेवा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कोअरवर आधारित लायसन्स घेताना प्रत्येक प्रोसेसरमागे किंवा व्हर्च्युअल मशीनमागे किमान ४ कोअर मोजले जातात, वापरा वा न वापरा. जुना सर्व्हर एंटरप्राइझ एडिशनचा असेल तर ती खरंच लागते का ते तपासा. २०१६ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून एंटरप्राइझमधल्या बऱ्याच सुविधा स्टँडर्डमध्ये आल्या. कधीकधी अपग्रेड करून खर्च कमी होतो, तो इथे.

पोस्टग्रेसला लायसन्स नाही, म्हणून ते फुकट असं कुणी म्हणालं तर प्रोग्रॅम बदलायचा, तपासायचा आणि माणसांना शिकवायचा खर्च पुढे ठेवा. क्लाउडवर असाल तर जुनं राहण्यालाही किंमत असते. ॲमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस सेवेवर २०२४ पासून मुदत संपलेल्या मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस आवृत्त्यांना जादा आकार लागतो.

न करण्याचा खर्चही त्याच पानावर येऊ द्या: सर्व्हर एक दिवस बंद राहिला तर किती कामं अडतात, आणि ती हाताने किती काळ रेटता येतील.

## ८. उत्तर निवडा

एवढं हाती आल्यावर सहसा यांपैकी एक उत्तर समोर दिसतं.

प्रोग्रॅमचाच वापर संपत आलाय, फक्त जुन्या नोंदी बघायला सर्व्हर चालू आहे? अपग्रेड करू नका. डेटा साध्या, वाचता येईल अशा स्वरूपात काढा, गरज असेल तर फक्त वाचनासाठी एक बंदिस्त प्रत ठेवा आणि सर्व्हर निवृत्त करा. हे उत्तर कुणाला सुचत नाही, आणि ते बऱ्याचदा सगळ्यांत स्वस्त असतं.

प्रोग्रॅम जुन्या व्हर्जनला बांधलेला आहे आणि बदलता येत नाही? मग सर्व्हर राहू द्या, पण वेगळ्या नेटवर्कमध्ये, ठरावीक मशीनवरूनच पोचता येईल असा. इंटरनेट बंद, वापरात नसलेली लॉगिन बंद, बॅकअप दुसरीकडे.

व्हर्जन सपोर्टमध्ये आहे पण पॅच नाहीत? पॅच लावा, मेमरीची सेटिंग सुधारा, विषय तात्पुरता मिटला.

बाकीच्यांनी शेजारी नवा सर्व्हर उभारून त्यावर जावं. कुठल्या व्हर्जनवर? पुरवणाऱ्याने लेखी मान्य केलेल्यांपैकी ज्याची मुदत सर्वांत दूरची आहे त्यावर. मधल्याच एखाद्या व्हर्जनवर 'सवयीचं आहे' म्हणून गेलात तर दोन वर्षांत हीच सगळी उठाठेव पुन्हा करावी लागेल. अगदी ताजं, नुकतंच बाहेर आलेलं व्हर्जनही पुरवणाऱ्याच्या यादीत यायची वाट बघा.

## ९. निर्णयाचं एक पान

वरच्यांना पंधरा पानी अहवाल नको असतो. एक पान करा: आज काय आहे, सपोर्ट कधी संपतो, कोणते प्रोग्रॅम अवलंबून आहेत, पुरवणाऱ्याचं लेखी उत्तर, तालमीत काय आढळलं, खर्च, डाउनटाइम किती तास, परतायची शेवटची वेळ आणि ते ठरवणारा माणूस.

'सध्या नको' हे उत्तर आलं तरी हरकत नाही, पण त्याच्यापुढे तारीख आणि कारण लिहून सही घ्या. कशामुळे विषय पुन्हा उघडायचा तेही लिहा: एक्सप्रेसमधला डेटा ८ जीबी झाला, प्रोग्रॅमचा करार संपायला सहा महिने उरले, डिस्कने त्रुटी द्यायला सुरुवात केली, किंवा सर्व्हर बाहेरच्या नेटवर्कला जोडायची मागणी आली. या पानाची एक प्रत सर्व्हरच्या पासवर्डाशेजारीच ठेवा. तुमच्यानंतर येणारा सगळ्यात आधी तिथेच शोधणार आहे.